काझी, हकीम आणि फिलसूफ : इब्ने रुश्द



एखादी गोष्ट फार आवडली की आपण मराठीत तिला ‘अफलातून’ म्हणतो. हा शब्द कोठून आला याचा विचार आपण सहसा करीत नाही. अफलातून हे ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचे अरबी-फारसी नाव आहे. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याला आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी अरस्तू या नावाने ओळखले. दूरच्या अथेन्स नगरातील ही नावे अरबी-फारसीच्या वाटेने आपल्या बोलीपर्यंत येऊन पोहोचली. ग्रीकांची विद्या मुसलमानांनी जतन केली आणि मग ती युरोपला दिली, हे वाक्य आपण सभासंमेलनांतून अभिमानाने ऐकतो. परंतु जतन केली म्हणजे नेमके काय केले, ते कोणी केले आणि त्यासाठी त्याला कोणती किंमत मोजावी लागली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट मनात आहे. शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे पालकांशी बोलण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्यांतील काही पालक संकोचत एक प्रश्न विचारतात. मुलगा फार शिकला, विज्ञान आणि तत्त्वज्ञान वाचू लागला, तर तो दीनपासून दूर तर जाणार नाही ना? हा प्रश्न खोटा नाही आणि तो विचारणारा पालक अडाणीही नाही. ज्याला आपल्या लेकराची काळजी आहे तोच हा प्रश्न विचारतो. हाच प्रश्न सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी एका काझीने आपल्यापुढे घेतला आणि न्यायासनावर बसून खटला चालवावा त्याप्रमाणे दोन्ही बाजू तपासून त्याचा निकाल दिला. त्या काझीचे नाव अबुल वलीद मुहम्मद इब्ने अहमद इब्ने रुश्द. युरोपने त्यांना अॅव्हेरोझ म्हटले. त्यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

काझींचे घराणे

इब्ने रुश्द यांचा जन्म इसवी सन ११२६ मध्ये, म्हणजे हिजरी ५२० साली, स्पेनमधील कुर्तुबा शहरात झाला. स्पेनच्या मुस्लिम प्रदेशाला तेव्हा अंदलुस म्हणत आणि कुर्तुबा हे त्याचे विद्येचे माहेरघर होते. त्यांचे आजोबा कुर्तुब्याचे मुख्य काझी आणि तेथील भव्य जामा मशिदीचे इमाम होते. मालिकी पंथाच्या कायद्यातील त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. नातवाचा जन्म झाला त्याच वर्षी आजोबांचे निधन झाले. दोघांचे नाव एकच असल्यामुळे लोक पुढे आजोबांना ‘अल्-जद’ म्हणजे आजोबा आणि यांना ‘अल्-हफीद’ म्हणजे नातू असे म्हणू लागले. वडीलही काझी होते. अशा घरात मुलाच्या कानावर लहानपणापासून काय पडत असेल याची आपण कल्पना करू शकतो. दावा, साक्ष, पुरावा, निकाल हेच शब्द.

त्यांचे शिक्षण त्या काळच्या रीतीप्रमाणे कुरआन शरीफ, हदीस आणि फिक्ह यांपासून सुरू झाले. इमाम मालिक यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ त्यांनी मुखोद्गत केला होता. पुढे वैद्यक, गणित, खगोल आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास झाला. त्यांच्या वाचनाविषयी चरित्रकार एक गोष्ट सांगतात. समजू लागल्यापासून आयुष्यात दोनच रात्री त्यांनी वाचनाविना घालविल्या. एक वडिलांच्या निधनाची आणि दुसरी स्वतःच्या लग्नाची. यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी व्यासंगाची कल्पना येते.

कुर्तुब्याने विद्येला जसे डोक्यावर घेतले तसे पायाखालीही तुडविले होते, हे मात्र येथेच सांगितले पाहिजे. दहाव्या शतकात खलिफा दुसरे हकम यांनी येथे प्रचंड ग्रंथसंग्रह उभा केला होता. त्यांच्या मृत्यूनंतर सत्ता हाती घेतलेल्या मन्सूर नावाच्या वजिराने काही उलेमांना खूश करण्यासाठी त्यातील तत्त्वज्ञान व ज्योतिषविद्येची पुस्तके जाळून टाकली. इब्ने रुश्द यांच्या जन्मापूर्वी काही वर्षे, ११०९ च्या सुमारास, याच शहरात इमाम गझाली यांचा ‘इह्या’ हा थोर ग्रंथ जाळण्यात आला. ज्यांना आपण हुज्जतुल इस्लाम म्हणतो त्या गझालींचा ग्रंथ! पुस्तक जाळणाऱ्याला त्या पुस्तकात काय आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते, हे यावरून दिसून येईल.

दरबारातील एक प्रश्न

त्या वेळी अंदलुस आणि मोरोक्को यांवर मुवह्हिद घराण्याचे राज्य होते. ११५३ मध्ये तरुण इब्ने रुश्द मोरोक्कोची राजधानी मराकेश येथे होते आणि तेथे आकाशातील ताऱ्यांचे निरीक्षण करीत होते. अंदलुसमधून न दिसणारा सुहैल तारा त्यांना मराकेशहून दिसला. दक्षिणेकडे सरकले की नवे तारे क्षितिजावर दिसू लागतात, यावरून पृथ्वी गोल असल्याचे त्यांनी सांगितले आहे.

खलिफा अबू याकूब यूसुफ हे स्वतः विद्येचे षौकीन होते. त्यांचे दरबारी हकीम इब्ने तुफैल हेही मोठे तत्त्वज्ञ. निर्जन बेटावर एकटे वाढलेले मूल केवळ बुद्धीच्या बळावर सत्यापर्यंत कसे पोहोचते, याची कथा लिहिणारे ते हेच. ११६९ च्या सुमारास त्यांनी इब्ने रुश्द यांना खलिफांच्या भेटीस नेले. नाव-गाव विचारून झाल्यावर खलिफांनी एकदम प्रश्न केला की, आकाशाविषयी तत्त्वज्ञांचे मत काय आहे; ते अनादी आहे की निर्माण झालेले आहे?

वाचकहो, हा प्रश्न साधा नव्हता. विश्व अनादी आहे असे म्हणणाऱ्याला काही उलेमा धर्मबाह्य ठरवीत. इब्ने रुश्द घाबरले. आपण तत्त्वज्ञान शिकलोच नाही, असे त्यांनी सांगून टाकले. खलिफांनी त्यांची अडचण ओळखली. ते इब्ने तुफैल यांच्याकडे वळले आणि अरस्तू काय म्हणतो, अफलातून काय म्हणतो, मुस्लिम विद्वानांनी त्यावर कोणते आक्षेप घेतले, याची चर्चा स्वतःच करू लागले. ते ऐकून इब्ने रुश्द यांची भीड चेपली आणि तेही बोलू लागले. भेटीच्या अखेरीस त्यांना द्रव्य, मानाचा पोशाख आणि घोडा मिळाला.

प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपले मन मोकळे केले, तेव्हा कोठे उत्तर देणाऱ्याचे तोंड उघडले. वर्गात आणि घरातही असेच घडते. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला काही येत नाही असे आपण समजतो. पुष्कळदा त्याला येत असते, पण भीती वाटत असते.

या भेटीनंतर इब्ने तुफैल यांनी इब्ने रुश्द यांना एक काम सुचविले. अरस्तूचे ग्रंथ खलिफांना दुर्बोध वाटत होते. कोणीतरी त्यांचा अर्थ उलगडून सांगावा अशी त्यांची इच्छा होती. इब्ने तुफैल वयाने थकले होते. इब्ने रुश्द यांनी हे काम अंगावर घेतले आणि आयुष्यभर निभावले. काही ग्रंथांचे त्यांनी थोडक्यात सार दिले, काहींवर मध्यम विस्ताराची टीका लिहिली आणि पाच ग्रंथांवर मूळ मजकूर कलमाकलमाने देऊन सविस्तर भाष्य केले. त्यांना ग्रीक भाषा येत नव्हती. बगदादमध्ये पूर्वी झालेली अरबी भाषांतरे ताडून पाहून त्यांनी हे काम केले. ११६९ मध्ये ते सेव्हिलचे काझी झाले. तेथे असताना आपली पुस्तके कुर्तुब्यात राहिल्यामुळे संदर्भ पाहता येत नाहीत, अशी खंत त्यांनी आपल्या लेखनातच नोंदविली आहे. दिवसा न्यायासन आणि उरलेल्या वेळात अरस्तू, असा त्यांचा क्रम होता. ११८२ मध्ये इब्ने तुफैल यांच्या जागी ते खलिफांचे हकीम झाले आणि त्याच वर्षी आजोबांचे पद, म्हणजे कुर्तुब्याच्या मुख्य काझीचे पद, त्यांच्याकडे आले. वैद्यकावर त्यांनी ‘कुल्लियात’ हा ग्रंथ लिहिला होताच. त्यात वैद्यकाची सामान्य तत्त्वे आहेत. एकेका रोगाचे तपशील त्यांचे मित्र व प्रसिद्ध वैद्य इब्ने जुहर यांनी लिहावेत अशी विनंती त्यांनी केली होती.

बुद्धीवरचा खटला

११७९ च्या सुमारास त्यांनी ‘फस्लुल मकाल’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. पालकांच्या ज्या प्रश्नाचा मी आरंभी उल्लेख केला त्याचे उत्तर या पुस्तकात आहे. तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकणे शरीयतने मना केले आहे, चालवून घेतले आहे, की फर्मावले आहे, असा प्रश्न काझीच्या भाषेत त्यांनी मांडला.

त्यांचे म्हणणे पायरीपायरीने असे. तत्त्वज्ञानाचा हेतू काय? निर्माण केलेल्या वस्तूंचा विचार करून त्यांच्या निर्मात्याला ओळखणे. वस्तूची घडण जितकी नीट समजेल तितकी घडविणाऱ्याची ओळख नीट होईल. मग आकाश, पृथ्वी, प्राणी यांच्याकडे पाहा आणि विचार करा, असे कुरआन शरीफ माणसाला वारंवार सांगत असताना तत्त्वज्ञान परके कसे ठरेल? आता विचार करायचा तर तो उत्तम प्रकारे करावा, आणि उत्तम प्रकार म्हणजे सबळ पुराव्याने सिद्ध होणारा विचार. तो करण्यासाठी तर्काची हत्यारे शिकणे आले.

यावर आक्षेप असा होता की पैगंबर साहेबांच्या काळी हे तर्कशास्त्र नव्हते, म्हणून ही बिदअत आहे. काझींनी उत्तर दिले की फिक्हमधील कयासाचे शास्त्रही पहिल्या पिढीनंतरच तयार झाले, परंतु त्याला कोणी बिदअत म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा की ही विद्या बिगर-मुस्लिमांची आहे. त्यावर त्यांनी कुर्बानीच्या सुरीचा दाखला दिला. सुरीला धार आहे ना, ती योग्य प्रकारची आहे ना, एवढेच आपण पाहतो. ती आपल्या धर्माच्या माणसाची की परक्याची, यावर कुर्बानीचे वाजवीपण ठरत नाही. पूर्वीच्यांनी सांगितलेले जे खरे असेल ते आनंदाने घ्यावे व त्यांचे उपकार मानावेत. जे चुकीचे असेल त्याविषयी लोकांना सावध करावे, पण चुकणाऱ्यालाही समजून घ्यावे. शिवाय कोणतीही विद्या एकट्याच्या आयुष्यात उभी राहत नाही. सूर्य पृथ्वीहून कितीतरी पटींनी मोठा आहे, हे एखाद्याने सगळे गणित नव्याने शोधून सिद्ध करायचे म्हटले तर त्याला जन्म पुरणार नाही.

तिसरा आक्षेप आपल्या पालकांचाच आहे. तत्त्वज्ञान वाचून कोणी बिघडला तर? इब्ने रुश्द म्हणतात की पाणी पिताना ठसका लागून एखादा मेला, म्हणून तहानलेल्याला पाणी नाकारणे हा न्याय नव्हे. ठसका लागणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे, तहान मात्र प्रत्येकाला लागते.

आणि बुद्धीने सिद्ध झालेली गोष्ट आणि धर्मवचनाचा वरवरचा अर्थ यांत विरोध दिसला तर? त्यांचा विश्वास असा होता की दोन सत्ये एकमेकांशी भांडू शकत नाहीत. म्हणून अशा ठिकाणी अरबी भाषेच्या नियमांत राहून वचनाचा खोल अर्थ शोधावा. मात्र हे काम अधिकारी माणसाचे. सर्वसामान्यांपुढे असे अर्थ मांडून त्यांच्या मनात गोंधळ उडविणे त्यांना मान्य नव्हते. वैद्य शरीराचे आरोग्य राखतो तसा धर्म मनाचे आरोग्य राखतो आणि औषध रोग्याची प्रकृती पाहूनच द्यायचे असते, अशी त्यांची दृष्टी होती. आज छापील पुस्तके घरोघरी पोहोचलेली असताना ही मर्यादा जशीच्या तशी पाळता येणार नाही. परंतु अर्धवट वाचून दुसऱ्याला काफिर ठरविणारा आणि अर्धवट वाचून धर्माची टिंगल करणारा, या दोघांनाही त्यातून घेण्यासारखा बोध आहे.

कापूस आणि विस्तव

इमाम गझाली (१०५८-११११) यांनी १०९५ च्या सुमारास तत्त्वज्ञांच्या खंडनाचा एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला होता. वीस मुद्द्यांवर त्यांनी तत्त्वज्ञांना धारेवर धरले आणि तीन मुद्द्यांवर त्यांना धर्मबाह्य ठरविले. गझालींवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो की ते गणिताचे वा तर्कशास्त्राचे शत्रू नव्हते. ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो, असे त्यांचे स्पष्ट मत होते. ११८० च्या सुमारास इब्ने रुश्द यांनी त्यांच्या ग्रंथाला ‘तहाफुतुत् तहाफुत’ लिहून मुद्देसूद उत्तर दिले.

त्यातला एकच मुद्दा पाहू. कापसाला विस्तव लागला की तो जळतो. गझाली म्हणाले की विस्तव आणि जळणे या दोन गोष्टी आपल्याला एकापाठोपाठ दिसतात एवढेच. जाळणारा अल्लाह आहे, विस्तवात स्वतःची अशी सक्ती नाही. अल्लाहची कुदरत अमर्याद आहे, हे त्यांना ठसवायचे होते. इब्ने रुश्द यांनाही अल्लाहची कुदरत मान्य होती. ते म्हणाले की विस्तवाला जाळण्याचा गुण देणाराही तोच आहे. परंतु वस्तूंना स्वतःचे गुणधर्म नाहीत आणि कारणांना कारणपण नाही असे म्हटले, तर विद्या नावाची गोष्टच उरत नाही. वस्तू तिच्या कारणांसह जाणणे हेच तर बुद्धीचे काम. कारण नाकारणे म्हणजे बुद्धी नाकारणे. आणि सृष्टीत नियम दिसलाच नाही, तर तो नियम घालणाऱ्याच्या हिकमतीची ओळख तरी कशी पटावी?

याचा आपल्या रोजच्या जीवनाशी संबंध आहे. घरात एखाद्याला ताप आला की काही लोक तकदीर म्हणून स्वस्थ बसतात. दुसरे डॉक्टरकडे जातात, औषध घेतात आणि दुआही करतात. खलिफांचे हे हकीम कोणत्या बाजूला उभे राहिले असते, हे सांगायला नकोच.

असे असले तरी इब्ने रुश्द यांचे सर्वच बरोबर होते असे नव्हे. अरस्तूवर त्यांची श्रद्धा इतकी होती की आकाशाच्या रचनेविषयी त्याचे म्हणणे त्यांनी प्रमाण मानले. पुढील काळाने ते चुकीचे ठरविले. काव्यशास्त्रावर लिहिताना ग्रीक नाटक त्यांच्या पाहण्यात नसल्यामुळे शोकांतिका म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखांतिका म्हणजे निंदाकाव्य असा अर्थ ते लावून बसले. पूर्वसूरींचे खरे ते घ्यावे आणि चुकीचे ते सोडावे, हा त्यांचाच नियम त्यांनाही लावला तर त्यांचा मान कमी होत नाही.

मतभेदांची कारणे आणि स्त्रियांचा प्रश्न

काझी म्हणून त्यांचा मोठा ग्रंथ ‘बिदायतुल मुज्तहिद’. नमाज, रोजा, जकात, निकाह, व्यवहार अशा प्रत्येक विषयावर इमाम मालिक, इमाम शाफई, इमाम अबू हनीफा आदींची मते त्यांनी शेजारी-शेजारी मांडली आहेत. परंतु मते देऊन ते थांबत नाहीत. मतभेद का झाला, याचे कारण ते देतात. कोठे एका शब्दाचे दोन अर्थ होतात, कोठे एका इमामाकडे पोहोचलेली हदीस दुसऱ्याकडे पोहोचलेली नसते, कोठे कयासाचा मार्ग वेगळा असतो.

आपल्या कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई आणि घाटावरील बहुसंख्य हनफी. सोयरीक जुळते तेव्हा नमाजातील लहानसहान फरकावरून कुजबुज होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. समोरचा वेगळे का करतो याचे कारण समजले की कुजबुज थांबते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही येथे धडा आहे. गाइडमधले उत्तर पाठ करणे म्हणजे निकाल पाठ करणे. ते उत्तर का आले, हे समजणे म्हणजे शिकणे.

अफलातूनच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथावर त्यांनी भाष्य लिहिले, कारण अरस्तूचा राज्यशास्त्रावरील ग्रंथ त्यांना मिळाला नव्हता. त्यात स्त्रियांविषयी त्यांनी मांडलेला विचार त्या काळाच्या मानाने थक्क करणारा आहे. मनुष्य म्हणून स्त्री आणि पुरुष एकाच जातीचे असून अंतिम ध्येयही एकच आहे, आणि स्त्रियांमधून तत्त्वज्ञ आणि राज्यकर्त्या निर्माण होणे अशक्य नाही, असे ते सांगतात. मग त्या दिसत का नाहीत? कारण आपल्या शहरांत त्यांना केवळ मुले आणि घर यांपुरते ठेवले जाते, त्यामुळे त्यांच्या अंगचे गुण कळतच नाहीत. समाजाचे निम्मे हात असे बाजूला ठेवणे हे त्या शहरांच्या दारिद्र्याचे एक कारण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मुलीला सातवीनंतर घरी बसवावे की पुढे शिकवावे, असा विचार ज्यांच्या घरात चालू आहे त्यांनी हे आधुनिकांचे खूळ समजू नये. हे बाराव्या शतकातील कुर्तुब्याच्या मुख्य काझीचे मत आहे.

पडता काळ

११८४ मध्ये खलिफा अबू याकूब मरण पावले आणि त्यांचे पुत्र याकूब अल्-मन्सूर गादीवर आले. काही वर्षे इब्ने रुश्द यांचा मान कायम राहिला. पण ११९५ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांच्यावर संकट कोसळले. कारणे अनेक सांगतात. एका ग्रंथात जिराफाचा उल्लेख करताना त्यांनी खलिफांना बर्बरांचा राजा असे साधेपणाने म्हटले म्हणून रोष झाला, अशी एक कथा आहे. आपण दोन्ही भूमींचा राजा असे लिहिले होते, नकलकाराने चुकीचे वाचले, असा त्यांनी खुलासा केला म्हणतात. अरबी लिपीत या दोन शब्दांत फरक थोडासाच आहे. हेवा करणारेही होतेच. याच वर्षी कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाशी मोठे युद्ध झाले. युद्धकाळात राज्यकर्त्याला उलेमांचा आणि जनतेचा पाठिंबा हवा असतो, म्हणून एका तत्त्वज्ञाचा बळी दिला गेला, असे अनेक इतिहासकारांना वाटते.

त्यांची चौकशी झाली, विचारांचा धिक्कार झाला आणि कुर्तुब्याजवळील अल्-युसाना या मुख्यतः यहुदी वस्तीच्या गावी त्यांना पाठविण्यात आले. तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळण्याचा हुकूम निघाला. वैद्यक, अंकगणित आणि वेळ व दिशा ठरविण्यापुरते ज्योतिष एवढेच त्यातून वगळले. औषध हवे, हिशेब हवा, किब्ला हवा. फक्त विचार नको.

या दिवसांतील एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. इब्ने रुश्द आपल्या मुलासह कुर्तुब्यातील एका मशिदीत असरच्या नमाजासाठी गेले. तेथील काही लोकांनी दंगा करून बापलेकांना बाहेर काढले. आपल्यावर आलेल्या सर्व आपत्तींत हीच सर्वांत जिव्हारी लागली, असे ते पुढे सांगत. ज्यांचे आजोबा त्या शहराच्या जामा मशिदीचे इमाम होते, ज्यांनी नमाजाच्या मसाइलवर प्रमाणग्रंथ लिहिला, त्यांना नमाजाच्या सफेतून उठविण्यात आले. हे परक्यांनी केले नाही. ज्यांचे तंटे ते वर्षानुवर्षे सोडवीत आले त्या आपल्याच लोकांनी केले.

दोन-अडीच वर्षांनी खलिफांनी हुकूम मागे घेतला आणि त्यांना मराकेशला सन्मानाने बोलावून घेतले. पण आयुष्य संपत आले होते. डिसेंबर ११९८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. तीन महिन्यांनी त्यांचे शव कुर्तुब्यास नेण्यात आले. थोर सूफी इब्ने अरबी तेव्हा हजर होते. त्यांनी पाहिलेले दृश्य त्यांनी लिहून ठेवले आहे. ओझ्याच्या जनावरावर एका बाजूला शवपेटी आणि तोल साधण्यासाठी दुसऱ्या बाजूला त्यांचे ग्रंथ होते.

ग्रंथांचा प्रवास

ज्या यहुदी गावात त्यांना हद्दपार केले होते, त्याच समाजाच्या विद्वानांनी पुढे त्यांचे ग्रंथ हिब्रूत नेले. तेराव्या शतकात मायकेल स्कॉट आदींनी ते लॅटिनमध्ये आणले. युरोपच्या विद्यापीठांत अरस्तू शिकायचा तर इब्ने रुश्द यांच्या भाष्यावाचून गत्यंतर नव्हते. थॉमस अॅक्वायनस यांनी त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला, तरीही त्यांचा उल्लेख अनेकदा नावाऐवजी ‘भाष्यकार’ असा केला. भाष्यकार म्हटले की कोण, हे सर्वांना ठाऊक होते. तेथेही विरोध झालाच. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, त्यांत त्यांच्या अनुयायांची मानली गेलेली मतेही होती. पण तेथे वाचणारे थांबले नाहीत. दान्ते या इटालियन कवीने त्यांना आपल्या महाकाव्यात स्थान दिले. रफाएलने १५०९ ते १५११ या काळात रोममध्ये ग्रीक तत्त्ववेत्त्यांचे प्रसिद्ध भित्तिचित्र काढले, त्यातील फेटेवाली आकृती इब्ने रुश्द यांची मानतात. १९६७ मध्ये कुर्तुब्यात त्यांचा पुतळा उभारला गेला आणि १९७६ मध्ये चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव मिळाले.

परंतु वाचकहो, एक गोष्ट मनाला चटका लावते. स्त्रियांविषयीचे विचार ज्यात आहेत ते अफलातूनवरील भाष्य मूळ अरबीत आज उपलब्ध नाही. ते हिब्रू भाषांतरामुळे वाचले. आत्म्यावरील त्यांचे मोठे भाष्य पूर्ण स्वरूपात लॅटिनमध्येच उरले आहे. आपल्या आजीचा दागिना शेजाऱ्याच्या पेटीत सुरक्षित सापडावा, तसे हे झाले. शेजाऱ्याचे आभार मानावेत, पण तो आपल्या घरातून का गेला याचाही विचार करावा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. इब्ने रुश्द विज्ञान आणि तत्त्वज्ञान आयुष्यभर शिकले, तरी ते दीर्घकाळ काझी राहिले आणि नमाजासाठी मशिदीत जात राहिले. दीन त्यांनी सोडला नव्हता. त्यांना मशिदीतून बाहेर काढणारे हात पुस्तकांचे नव्हते. म्हणून मुलाच्या हातात पुस्तक पाहून घाबरू नका. तो ‘का’ विचारील तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर आपण दोघे मिळून शोधू, असे म्हणा. मुलीचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी त्या काझींचा निकाल एकदा आठवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, या वर्षी निदान एका विषयात तरी एवढे करा : उत्तराबरोबर त्याचे कारणही वहीत लिहा. इब्ने रुश्द यांनी बुद्धीचे काम म्हणून जे सांगितले, त्याची सुरुवात तेथूनच होते.